अर्ध्या दगडाचा निरोप

लिपुलेख खिंडीच्या माथ्यावर सकाळी सातच्या आत पोचायचं आणि वारा सुटायच्या आत खाली उतरायचं, एवढं एकच शास्त्र नेत्रसिंग गर्ब्यालला ठाऊक होतं. बाकीचं शास्त्र यात्रेकरूंचं. ते कैलासाला निघालेले पुण्यवान लोक. त्यांना घोडीवर बसवून माथ्यापर्यंत आणायचं, पलीकडचे चिनी शिपाई नावं वाचून त्यांना घेऊन जाणार, आणि यानं रिकाम्या घोडीचा लगाम धरून माघारी वळायचं. सरहद्दीच्या दगडापुढं याचं पाऊल पडता कामा नये. वाट उघडली त्याला चार वर्षं झाली होती, पण उघडली ती देवाला जाणाऱ्यांसाठी. ज्यांच्या बापजाद्यांच्या टाचा या वाटेवर झिजल्या त्यांना मात्र 'थांबा इथंच'. आता याला काय म्हणावं!

एके काळी हाच नेत्रसिंग दर उन्हाळ्यात मेंढ्यांवर धान्य लादून पलीकडे तकलाकोटच्या बाजारात उतरायचा. तिथं त्याचा मितर होता, थिनले. मितर म्हणजे आपला गप्पा मारायचा दोस्त नव्हे. त्याची रीत असते. एक दगड घेऊन त्याचे दोन तुकडे करायचे आणि आपापला तुकडा जिवापाड जपायचा. याचं धान्य त्यालाच, त्याचं मीठ यालाच, मधे तिसऱ्याचं काम नाही. स्वतःला जाता आलं नाही तर दुसऱ्याच्या हाती तुकडा पाठवायचा. तुकड्याला तुकडा बसला की आलेला माणूस घरचा. मग बासष्टची लढाई झाली, खिंड बंद झाली. एक तुकडा तिकडे राहिला, एक इकडे. त्यालाही आता तेवीस वर्षं झाली.

नेत्रसिंगाचा तुकडा त्याच्या छातीशी कापडी थैलीत असे. तुटल्या बाजूला अंगठ्याच्या पेराएवढा उंचवटा होता. जरा रिकामा वेळ मिळाला की त्याचा अंगठा त्या उंचवट्यावरून फिरत राही. बायको, सरुली, हसायची. "माझ्या तोंडावरून कधी असा हात फिरवला नाहीत!" म्हणायची. सरुली जाऊन दोन हिवाळे झाले. त्यांचं गर्ब्यांग गाव जमिनीत खचत चाललेलं, शेजारच्या घरांची दारं तिरकी होऊन अडकून बसलेली, माणसं खाली निघून गेलेली. हल्द्वानीहून मुलाची पत्रावर पत्रं येत होती. 'बाबा, घोडी विका आणि कायमचे इकडे या. तिथं आता आहे कोण?'

तिथं आता आहे कोण! मुलगा खोटं लिहीत नव्हता. म्हणून नेत्रसिंगानं मनाशी एक ठरवलं होतं. यंदा शेवटचा निरोप पाठवायचा. थिनलेकडून काही आलं, तर पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा वर यायचं. नाही आलं, तर घोडी विकून मुलाच्या चुलीपाशी जाऊन बसायचं, मरेपर्यंत.

आजवर तोंडी निरोप तीन वेळा दिले होते. यात्रेकरू हो-हो म्हणत आणि परतताना बाटलीभर मानसरोवराचं पाणी हातावर टेकवत. "वेळच नाही मिळाला हो बाबा!" आता तोंडी नको, तुकडाच पाठवायचा, असं त्यानं ठरवलं. हरवला तर हरवला. नुसतं ठरवतानासुद्धा त्याचा हात छातीवरच्या थैलीकडे गेला होता.

यंदा घोडीवर होत्या भावनगरच्या प्रफुल्लाबेन. वजनानं भक्कम आणि तोंडानं त्याहून. सात दिवसांत त्यांनी आपल्या तिन्ही सुनांचा इतिहास घोडीच्या कानात ओतला होता. नाभीढांगच्या मुक्कामी, उजेड होता तोवर, नेत्रसिंगानं थैली त्यांच्यापुढं धरली. आत दगड होता आणि मूठभर फाफर, त्याच्या शेतातले काळे तिकोनी दाणे. मितराच्या दारी रिकाम्या हातानं जात नाहीत.

"माई, तकलाकोटच्या बाजारात हा दगड दाखवायचा. थिनले म्हणून विचारायचं. डावा कान फाटलेला आहे त्याचा."

"जिवंत आहे का तो?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

"अहो नेत्रसिंगभाई, पण मला तिथली भाषा कुठं येते?"

"सात दिवस घोडीशी बोललात ना? तसंच बोला."

प्रफुल्लाबेन खो-खो हसल्या. मग त्यांचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी थैली कपाळाला लावली आणि पोलक्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी माथ्यावरून त्या पलीकडे उतरल्या. नेत्रसिंग गावी परतला आणि वाट पाहायला लागला. नऊ दिवस. छातीवर हात जाई आणि तिथं काहीच नसे. सकाळी तो शेत बघून यायचा, दुपारी तिरक्या दारांमधून चालायचा. शेजारच्या घराशी उगाच थांबून खाकरायचा, कुणी आतून ओ देईल असं. एकदा चहा करताना भांड्यात दोन माणसांचं पाणी पडलं. मग दोन्ही वाट्या स्वतःच प्यायला, करतो काय? आपल्या बोलीत चार शब्द बोलायला घोडीखेरीज कुणी नव्हतं, आणि तिला भाषा कळायची ती मुठीतल्या दाण्याची.

दहाव्या दिवशी तो पहाटेच माथ्यावर येऊन बसला. ऊन आलं तेव्हा पलीकडच्या चढणीवर परतणाऱ्यांची रांग दिसली. प्रफुल्लाबेन सगळ्यांत मागं, धापा टाकत, पिशवी ओढत. पिशवीत दगडच दगड! प्रत्येक यात्रेकरूचं हेच. कैलासाच्या पायथ्याचा जो गोटा सापडेल तो महादेव.

"थांबा, थांबा, तुमचा वेगळा ठेवलाय," म्हणत त्यांनी पोलक्यातून थैली काढली.

नेत्रसिंगानं तुकडा मुठीत घेतला. सवयीनं अंगठा फिरवला. उंचवटा नव्हता.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा माझा नाही! माई, हा माझा दगड नाही! हरवलात ना? हरवलात आणि त्या ढिगातला एक उचलून दिलात!"

"महादेवाची शपथ घेऊन सांगते..."

"शपथ राहू दे तुमची! तेवीस वर्षं जपला होता मी!" त्याचा आवाज फाटला. माथ्यावरचा फौजी वळून पाहायला लागला.

"अहो, ऐकून तर घ्या!" प्रफुल्लाबेनही भडकल्या. "सारा बाजार पालथा घातला मी. लोक वेडी म्हणत होते. एकदाच थैली माझ्या हातून सुटली. एक म्हातारा होता, लोकरीच्या गठ्ठ्यावर बसलेला. त्यानं ती हिसकूनच घेतली आणि घरात गेला. बराच वेळ बाहेर येईना. आला तो डोळे पुसत. मला खारट चहा पाजला, एक सोडून तीन वाट्या. मग तुमचा एक दाणा दाताखाली फोडला, तोंड वाकडं केलं, थुंकला आणि माझ्यावरच काहीतरी ओरडला. ओरडतोय आणि हसतोय! मला तर काही समजेना."

"कान?" नेत्रसिंगाचा आवाज एवढासा झाला. "कान कसा होता?"

"डावा फाटका. तुम्ही सांगितला तसाच."

नेत्रसिंगानं मूठ उघडली. तुटल्या बाजूला, बरोबर उंचवटा असायचा तिथं, एक खळगा होता. त्याच्या अंगठ्याचं पेर त्यात नेमकं बसलं.

त्याचा तुकडा थिनलेनं ठेवून घेतला होता आणि आपला पाठवला होता. थैलीत फाफराचा एक दाणा उरला नव्हता. तळाशी मिठाचे सात-आठ मळकट खडे होते.

"दाणा हलका आहे म्हणाला असेल," नेत्रसिंग म्हणाला. "दरवर्षी हेच म्हणायचा मेला. हलका, पोचट, तुमच्या शेतासारखा!"

त्यानं एक खडा तोंडात टाकला. दाताखाली कचकन रेती आली. तसा तो उठला, सरहद्दीच्या दगडाशी जाऊन उभा राहिला आणि पलीकडे तोंड करून बोंबलला, "थिनल्या, चोरा! रेती! तेवीस वर्षं झाली तरी मिठात रेती!"

वाऱ्यानं शब्द कुठं नेले कोण जाणे. खाली पिवळट दरी पसरली होती. एका दिवसाची चाल. आज निघालं तर उद्या सकाळचा चहा थिनलेच्या घरी. इतकी वर्षं 'असेल-नसेल' म्हणत त्यानं दिवस काढले होते, आणि नसेल हे मनानं जवळजवळ कबूलही केलं होतं. आता तो होता. फाटक्या कानाचा, लोकरीवर बसलेला, जिवंत होता, आणि तरी भेटायचा नव्हता. हे त्या नसण्यापेक्षा जड होतं. नेत्रसिंग तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"बुबू," फौजी हलकेच म्हणाला. इथं आजोबाला बुबू म्हणतात. "वारा सुटलाय. उतरा आता."

उतरताना प्रफुल्लाबेन घोडीवरून सारख्या त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "वर येताना घोडी विकायचं म्हणत होतात ना?"

"कोण विकतंय?" त्यानं दुसरा खडा घोडीच्या तोंडाशी धरला. ती चाटायला लागली. "खाल्ल्या मिठाला जागायला नको का, माई?"

प्रफुल्लाबेनना खालच्या मुक्कामी पोचवून तो एकटाच गावी परत आला. घराकडे न जाता आधी वरच्या शेतावर गेला. सरुली गेल्यापासून ते पडीक होतं. त्यानं एक ढेकूळ उचलून हातात चुरलं. माती बरी होती, पण भूक लागलेली. पुढल्या खेपेला थिनलेला तोंड वाकडं करता येऊ नये, तर इथं शेण भरपूर घालायला हवं होतं.