पिवळा त्रिकोण

समीक्षाच्या लॅपटॉपवर सकाळी नऊपासून एक पिवळा त्रिकोण ठाण मांडून बसला होता. त्रिकोणात उद्गारचिन्ह, आणि शेजारी एक ओळ: ड्रायव्हर लोड होऊ शकला नाही. साडेबारा वाजले तरी ओळ काही हलली नव्हती. ती हलावी म्हणून समीक्षाने जे जे केलं ते सांगत बसलो तर गोष्ट तिथंच संपेल.

घोरावाडी स्टेशनापासून आत तीन किलोमीटरवर तिच्या सासरचं गुलाबांचं पॉलीहाऊस आहे. ऑक्टोबरच्या उन्हात आत मिनिटामिनिटाला गरमी चढते आणि मधूनमधून बारीक फवारा सोडावा लागतो. नऊ वर्षं हे काम सासूबाईंनी, म्हणजे अंबूबाईंनी, हातानं केलं. व्हॉल्व्ह उघडायचा, अंदाज घ्यायचा, बंद करायचा. समीक्षा तेव्हा रोज लोकलने पिंपरीला जाऊन दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी कंट्रोलर बनवत होती. मग एक दिवस तिनं ती नोकरी सोडली आणि दीड वर्ष खपून घरच्या पॉलीहाऊससाठी एक डबा बनवला. उकाडा आणि ओल बघून डबा आपला आपण व्हॉल्व्ह उघडायचा.

जूनपासून डबा बरा चालला. दसऱ्याच्या आधी मात्र तो भर दुपारी अडकायला लागला. चूक तिच्याच प्रोग्रामात होती. तिनं ती शोधली, दुरुस्तही केली. आता ती दुरुस्ती डब्यातून काढून घरी आणलेल्या सर्किट बोर्डात घालायची एवढंच राहिलं होतं, आणि त्यासाठी लागतो डीबगर. साबणाच्या वडीएवढी काळी वस्तू, एक वायर लॅपटॉपला, एक बोर्डाला. मधली वस्तू दोघांचं बोलणं इकडून तिकडे करते. गेल्या शनिवारपर्यंत ती मुकाट काम करत होती. मग समीक्षा दोन दिवस लोणावळ्याला माहेरी गेली, दसऱ्याच्या संध्याकाळी परत आली, आणि आज लॅपटॉप त्या वस्तूला ओळखच दाखवेना.

सासरे भिमाजी आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. सकाळी त्यांनी चहा संपवला आणि माऊली इलेक्ट्रिशियनला फोन लावला. चार वाजता ये, डबा उतरव, जुना व्हॉल्व्ह होता तसा कर.

"तुज्यावर राग न्हाई," ते समीक्षाला म्हणाले. "पण गुलाबाला ऊन कळतंय, प्रोग्राम कळत न्हाई. दिवाळीच्या कळ्या हायेत."

"चारपर्यंत बघते, मामा."

"बघ की. चारपत्तूर तुजंच हाय."

भिमाजींचं बोलणं तिला लागलं नाही, खरं होतं ते. लागलं ते अंबूबाईंचं गप्प राहणं. त्या पदर खोचून पॉलीहाऊसकडे चालत्या झाल्या आणि व्हॉल्व्हपाशी उभ्या राहिल्या, डबा नव्हता तेव्हा राहायच्या तशाच. डबा लागल्यापासून बाईंनी त्याच्याबद्दल बरा-वाईट एक शब्द काढला नव्हता. आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, काम आपण हिसकावलं आणि डबा उतरला तर त्यांना हवंच आहे, असं समीक्षाच्या मनानं केव्हाच धरून ठेवलं होतं. चार वाजता डबा उतरला की या शेतात आपलं म्हणून काही उरणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. कंपनी सोडलेली, घरचं काम गेलेलं, मग उरायचं काय, तर भाकऱ्या थापणं.

एवढा जीव टांगणीला लागलेला असताना माणूस रडतो, नाहीतर देवाला नवस बोलतो. ही पोरगी वेगळ्या मातीची. एखादी गोष्ट अडली की ती का अडली हे कळल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नाही. दसऱ्याच्या रात्री लॅपटॉपनं स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, म्हणून संशय पहिला त्याच्यावर. तिनं अपडेट काढलं. ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तूची भाषा लॅपटॉपला समजावणारा प्रोग्राम, काढून पुन्हा घातला, मग जुना घातला, मग त्याहून जुना. त्रिकोण जागचा हलला नाही.

शेवटी डीबगर उसना मागायला तिनं सईला फोन केला. सई कॉलेजपासूनची मैत्रीण, लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला राहते आणि कॉलेजात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

"माझा डीबगर कॉलेजच्या लॅबमध्ये आहे," सई म्हणाली, "आणि लॅबला सोमवारपर्यंत कुलूप. पण मला सांग, ते यंत्र स्वतःचं नाव काय सांगतंय?"

"नाव?"

"अगं, नंबर बघ ना त्याचा."

फोन कानाशी धरूनच समीक्षानं लॅपटॉपवर नंबर दाखवणारी खिडकी उघडली. असली कुठलीही वस्तू लॅपटॉपला लावली की ती आधी आपले दोन नंबर सांगते, बनवणाऱ्याचा आणि स्वतःचा. ते ऐकून लॅपटॉप बरोब्बर तो ड्रायव्हर बोलावतो. इथं नंबरांच्या जागी नुसती शून्यं होती. एका ओळीत चार, दुसऱ्या ओळीत चार.

समीक्षा खुर्चीत ताठ झाली. म्हणजे ड्रायव्हर बिचारा आडमुठा नव्हताच, त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. साडेतीन तास ती भलत्याला धारेवर धरून बसली होती. सईला पुढचं न सांगता तिनं फोन ठेवला, आणि सईला त्याची सवय होती.

आता प्रश्न सोपा झाला आणि म्हणून जास्त मजेचा. डीबगरवरचा हिरवा दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. बोलणं पोचत नव्हतं. तिनं वायर बदलली, तरी शून्यंच. मग राहिलं डीबगरचं तोंड, प्रिंटरला असतं तसलं चौकोनी. मोबाईलची बॅटरी लावून तिनं आत डोकावलं. आत चार बारीक पट्ट्या असतात. दोन विजेच्या, त्या लखलखीत होत्या. बोलण्याच्या दोन्हींवर काहीतरी लाल वाळून घट्ट बसलं होतं. गंज एवढा लाल नसतो. तिनं टाचणीनं उकरलं तर लाल पूड तळहातावर पडली, आणि तिच्यामागून हळदीत माखलेला तांदळाचा एक दाणा.

कुंकू. आणि अक्षत.

ती तळहाताकडे बघतच राहिली. खंडेनवमीला ती माहेरी होती. या घरात त्या दिवशी अवजारं पुजतात. कोयता, फवारणीचा पंप, गुलाब कापायच्या कात्र्या, सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि अंबूबाई ओल्या कुंकवाचं बोट प्रत्येकाला लावतात. पण पाटावर काय यायचं याचा नियम त्यांचा फार कडक. जे शेतासाठी राबतं तेच. घरात नवा मिक्सर आला तेव्हा त्याला जागा मिळाली नव्हती, टीव्हीला तर भिमाजींनी वशिला लावूनही नाही. आणि यंदा डीबगरला मिळाली होती. बोट टेकायला त्यात खोलगट जागा एकच, ते चौकोनी तोंड, आणि बाईंनी ती भक्तिभावानं भरली होती. दसऱ्याला पूजा उचलताना वरून मात्र स्वच्छ पुसून ठेवला.

समीक्षाला आधी हसू फुटलं आणि मग डोळे भरून आले. नाक पुसायलाही ती थांबली नाही. औषधांच्या डब्यातून स्पिरिट काढलं, टूथपिकला कापूस गुंडाळला आणि पट्ट्या एकेक करून पुसल्या. पंख्याखाली दहा मिनिटं वाळवलं. वायर लावताच लॅपटॉप टिंग वाजला, शून्यांच्या जागी नंबर आले आणि त्रिकोण निघून गेला. दुरुस्ती बोर्डात घालायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

तीन वाजता ती पॉलीहाऊसमध्ये पोचली. बोर्ड डब्यात बसवला, बटण दाबलं. अंबूबाईंचा हात अजून व्हॉल्व्हवर होता. दोघी थांबल्या. सहा मिनिटांनी डब्यात खट्ट झालं आणि गुलाबांवर धुकं उतरलं. नंतर पुन्हा, बरोबर हवं तेव्हा. दारात येऊन उभ्या राहिलेल्या भिमाजींनी चार वेळा होऊ दिलं आणि मग फोन काढला.

"माऊली, चहाला ये," ते म्हणाले. "पाना नगं आनू."

ते बांधाकडे गेले. अंबूबाईंनी व्हॉल्व्हवरचा हात काढला आणि बोटं चोळली.

"कशानं अडलं व्हतं?"

समीक्षाच्या ओठांवर अपडेटचं नाव आलंच होतं. अपडेटनं मुकाट्यानं आळ सोसला असता आणि कुणाचं मन मोडलं नसतं. पण पुढच्या वर्षी काय?

"आत्या, त्याच्या तोंडात कुंकू गेलं होतं. वाळलं, आणि त्याला बोलता येईना."

अंबूबाईंचा चेहरा उतरला. "म्या लावलं," त्या म्हणाल्या. "समदी अवजारं पाटावर आन् तुजं तेवढं कपाटात. बरं वाटंना मला. डबा कसा उतरवनार भिंतीवरनं, म्हनून हे घेतलं."

"मला वाटलं, तुम्हाला डबा नकोच आहे."

"मला?" बाईंनी तिच्याकडे बघितलं. "नऊ वर्सं दुपारचं जेवान म्या हितं उभ्यानं खाल्लंय. जूनपासनं बसून जेवती. ते काय बोलून दावायचं व्हय?"

अंबूबाईंनी तिच्या हातातला डीबगर घेतला, उलटसुलट करून बघितला आणि तिच्यापुढे धरला.

"मग पुढल्या साली कुटं लावू? आत्ताच दाव."

समीक्षानं पाठीवरची सपाट जागा दाखवली. अंबूबाईंनी तिथं बोट टेकून बघितलं आणि मान डोलावली.