सात झाकणांआडच्या चौदा गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी, सात खणांची गोळ्यांची डबी आहे. माझ्या सातही झाकणांवर दातांचे व्रण आहेत. ते कसे पडले हे लपवलं, तर मीही आजोबांच्याच माळेतला मणी ठरेन.

साच्यातून निघाले तेव्हा मी निळी, चकचकीत होते. सूनबाईंनी मला सासऱ्यांसाठी, म्हणजे आजोबांसाठी आणलं. दर रविवारी त्या माझ्या प्रत्येक खणात रक्तदाबाच्या दोन गोळ्या भरत आणि रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकत.

"बाबा, घेतल्या का?" रोज सकाळी प्रश्न.

"घेतल्या गं!" रोज उत्तर.

"आमचे बाबा म्हणजे घड्याळ," सूनबाई शेजारणीला सांगत.

घड्याळ बंद होतं, हे मला एकटीला ठाऊक. गोळी घेतली की आजोबांना सारखं लघवीला उठावं लागे, बागेतल्या बाकावर रंगलेला पत्त्यांचा डाव मोडे आणि सवंगडी ओरडत, "सुटला नळ!" म्हणून ते गोळ्या माझ्यातच राहू देत आणि शनिवारी संध्याकाळी मोरीत ओतत. माझं कौतुक मात्र चालूच. खोट्या कामाची शाबासकी गिळायची सवय मलाही लागली.

एका शनिवारी दुपारी मला मांडीवर घेऊन आजोबांना डुलकी लागली. त्यांच्या पायाशी ढोल्या होता, घरचा बुटका कुत्रा. आजोबांच्या हातची प्रत्येक वस्तू खाऊच असते, अशी त्याची श्रद्धा. त्याने मला पलंगाखाली नेलं, सातही झाकणं उचकटली आणि चौदाही गोळ्या गिळल्या.

पलंगाखाली मला उघडी, चावलेली पाहून सूनबाईंनी लगेच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"मीठ-पाणी, दूध, काही पाजू नका. उलटी मी करवते. गोळ्यांचं पाकीट घ्या आणि आत्ताच निघा."

पाकीट कुठलं? ते कचऱ्यात गेलेलं, आणि माझ्यावर नुसती वारांची नावं! सूनबाईंनी औषधाची चिठ्ठी शोधली, मला पिशवीत टाकलं.

"किती खाल्ल्या?" दवाखान्यात पहिला प्रश्न.

आजोबा माझ्याकडे बघत म्हणाले, "आजच्याच. दोन."

"बाबा एक दिवस चुकवत नाहीत हो," सूनबाईंनी साक्ष दिली.

सुई टोचली. ढोल्या ओकला. फेसात दोन गोळ्या दिसल्या.

"दोन्ही आल्या! सुटलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरी सुस्त वाटला तर लगेच आणा."

आजोबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "शहाणा आहे आमचा ढोल्या."

संध्याकाळी ढोल्याला उभं राहता येईना. तेव्हा कुठे आजोबांच्या तोंडून निघालं, "चौदा होत्या."

"दुपारी का नाही बोललात, बाबा?"

आजोबांनी ढोल्याला उचललं. पुन्हा दवाखाना, सलाइन. दुसऱ्या दिवशी ढोल्या गेला.

"आकडा तेव्हाच कळता, तर मी दोनावर थांबले नसते," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, औषधं उंचावर, बंद कपाटात ठेवा. पाकिटं फेकू नका. कुत्र्याने गोळी गिळली तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठा, आणि किती, कोणती, केव्हा हे खरं सांगा. लाज दोन दिवसांत ओसरते. विष तेवढं थांबत नाही.

आता आजोबा गोळ्या नेमाने घेतात. सूनबाई विचारत नाहीत. तरी रोज सकाळी माझं चावलेलं झाकण लावून ते रिकाम्या स्वयंपाकघराला सांगतात, "घेतल्या गं."