मासोळी मंडळाची फाइल

मंजूला पसारा खपत नसे. घरात नाही, मोबाईलमध्ये तर मुळीच नाही.

"बालाघाट मासोळी मंडळ" हा काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट. तिथं सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कोणाच्या तरी भाच्याची लग्नपत्रिका, आणि या कचऱ्यात कुठंतरी दडलेली कामाची गोष्ट: पाणी कसं बदलायचं, बुरशी लागली तर काय करायचं. लोक मात्र तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत. मंजू एकदाची वैतागली आणि पदर खोचून बसली. जुन्या पोस्टी वेचून, विषयवार लावून तिनं एक देखणी फाइल केली. वर स्वतःचं नाव घातलं. का घालू नये? मेहनत काय शेजारणीची होती?

अडचण एकच, वारासिवनीचा फकिरा. कापडाचा दुकानदार, मासे पाळण्यात मुरलेला, पण तोंड म्हणजे उघडी नाली. पवन नावाच्या नवख्यानं एकदा लिहिलं होतं, "मासोळीले बुरशी लागली तं टाकीत लाल दवा टाका, पानी जांभळं होईस्तोवर." लाल दवा म्हणजे विहिरीत टाकतात ती, पोटॅशियम परमँगनेट. त्याखाली फकिराचा भडका उडाला: "अबे बैताडा, मासोळ्या मारतं काय? टाकीत नाही, अलग बादलीत! फिक्कं गुलाबी पानी, जरासक बुडव आन् लगेच काढ! डोक्यात भुसा भरला काय तुह्या?" मग पवन उलटला, पवनचा मामा मधे पडला, शिव्यांची लाखोली वाहिली गेली.

मंजूनं पवनची ओळ फाइलमध्ये घेतली, कारण ती सुटसुटीत होती. खालचा तमाशा सगळा गाळला. "फकिरादादा, गटात लेडीज हायेत," असं सुनावून तिनं त्यालाही गटाबाहेर काढलं; गटाची अ‍ॅडमिन तीच होती. सगळ्यांनी अंगठ्याची चित्रं टाकून शाबासकी दिली.

लामत्याची दीप्ती ही मंजूची याच गटात जमलेली मैत्रीण. रोज फोन, रोज हसणं. दीप्तीचा नवरा भरवेलीच्या खाणीत, तिकडंच राहणारा, रविवारचा पाहुणा. एरवी घरात दीप्ती आणि तिचा म्हातारा गोल्डफिश सोन्या. ती त्याला भाजी काय करू तेसुद्धा विचारायची.

"मंजू, सोन्याच्या पाठीवर कापसावानी काही आलं वं. काय करू?"

मंजूची पोळी तव्यावर होती. वर आपली फाइल आपल्याच मैत्रिणीनं उघडू नये, याचा राग.

"अवं, येवढी फाइल मंग काहून केली मी? पाह्य ना त्यात!"

दीप्तीनं पाहिलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"सोन्या उलटा झाला वं. तू लिवलं तसंच केलं, पानी जांभळं होईस्तोवर."

आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मंजूला झोंबलं. 'मी नाही, पवननं लिवलं,' हे अगदी ओठावर आलं. पण फाइलवर नाव कोणाचं होतं?

तिनं मोबाईलमधलं जुनं भांडण शोधून काढलं आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. अलग बादली, फिक्कं गुलाबी, लगेच काढ. सगळं तिथंच होतं. तिला स्वतःची किळस आली. तिनं फकिराला फोन लावला.

"दादा, वापस या गटात. माही चूक झाली."

"कोनाची मासोळी मेली?"

"दीप्तीचा सोन्या."

फकिरानं मोठा उसासा टाकला. "मंग आता बलावून काय फायदा, बाई? येतो मी. पन बोलन तं असाच बोलन."

मंजूनं फाइल सुधारली, "जुनी काढून टाका" असं बजावून गटात टाकली. त्यावर दोघांनी हात जोडले आणि एकानं गुलाब पाठवला. वाचली कोणी, देव जाणे. दीप्तीनं टाकी धुऊन माळ्यावर टाकली. मंजूचे फोन ती अजून उचलते, पण "हौ" आणि "नाही"च्या पुढं जात नाही.

परवा गोंदियाच्या नणंदेचा मेसेज आला. सोबत फाइल, जुनी, तीच जांभळ्या पाण्याची.

"वहिनी, हे तुमचंच नाव हाये ना? इकडं गटागटांत फिरून राह्यली तुमची फाइल. लय नाव काढलं तुमी!"