आधी सूर, मग शब्द

"मान वर कर," व्हर्बिना म्हणाली आणि तिने ओडसच्या कॉलरचं बटण असं काही आवळलं की बोलायचं मनात असतं तरी त्याला बोलता आलं नसतं. "हं, आता म्हणून दाखव. मर्टिस देवभीरू होती..."

"मर्टिस देवभीरू होती," ओडस म्हणाला.

"पुढे?"

"कष्टाळू होती."

"आणि?"

ओडसने खिडकीबाहेर बघितलं. "हे कुठल्याही बाईबद्दल म्हणता येईल, व्हर्बिना. तुझ्याबद्दलसुद्धा."

"माझ्याबद्दल सावकाश म्हण. मी अजून मेले नाहीये!" ती फणकारली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. मर्टिस तिची धाकटी बहीण, ओडसची बायको. "अरे, सगळ्यांबद्दल हेच म्हणतात. तू काय वेगळं म्हणणार आहेस?"

तेच तर ओडसला कळत नव्हतं.

ओडस टीग मुळातच कमी बोलणारा, त्यात सॉ मिलमध्ये करवतींना धार लावायचं काम. मोठी करवत पाइनच्या ओंडक्यात शिरली की तिथे शेजारच्याची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. माणसं हातांनीच बोलतात. मूठ दाखवली की थांब, दोन बोटं म्हणजे जाड फळी. उभा जन्म तिथे गेल्यावर ओडस घरीही तसाच वागायला लागला. जेवताना त्याने बोटं चोळली की मर्टिस मीठ पुढे करायची. "आमच्या ह्यांची जीभ मिलमध्येच ठेवून घेतात, घरी फक्त हात पाठवतात," असं ती चारचौघींत सांगायची आणि हसायची. नेहमीच हसायची असं मात्र नाही.

फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला. शेवटच्या सकाळी तिने डोळे उघडले, ओडसकडे बघितलं आणि म्हणाली, "ओडस, बोल ना काहीतरी माझ्याशी."

त्यांची मुलगी आयनेल उशाशी बसली होती. ओडसने तोंड उघडलं आणि मिटलं. मग "ताजं पाणी आणतो," म्हणाला आणि बादली घेऊन बाहेर पडला.

विहिरीवर दोर हातात धरून तो उभा राहिला, आणि तिथे त्याला सुचलं. एकच वाक्य, पण नेमकं. मर्टिसलाच लागू पडेल, दुसऱ्या कुण्णाला नाही, असं. त्याने ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, बादली ओढली आणि पाणी सांडत धावत आत आला. तोवर व्हर्बिना मर्टिसच्या पापण्या मिटवत होती. ते वाक्य त्या क्षणी जे गेलं ते गेलंच. पुढे कितीतरी दिवस त्याने ते शोधलं, करवतीपाशी, रस्त्याने जाताना, अंथरुणात पडल्या पडल्या. एकदा तर त्याने खेचरालाही विचारून बघितलं.

आयनेलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आई बोल म्हणाली आणि बाप उठून गेला, एवढंच तिने पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. जेवण झाकून ठेवलंय. सदरा वाळलाय. बापलेकीच्या त्या घरात आता चमच्याचा आवाजही मोठा वाटायचा.

आज चर्चमध्ये वर्षाचं गाणं होतं. दिवसभर गायचं, आणि दुपारी झाडाखाली मांडलेल्या लांब टेबलांवर तळलेली कोंबडी, वाटाणे, मक्याची भाकरी आणि शेजारणीच्या ॲपल-पायला नावं ठेवत खायचा दुसऱ्या शेजारणीचा ॲपल-पाय. जेवणाच्या आधी मात्र वर्षभरात गेलेल्यांची आठवण करायची. त्या घरातल्या कुणीतरी मध्ये उभं राहून दोन शब्द बोलायचे आणि एक गाणं चालवायचं.

खेचराच्या गाडीत आयनेल मांडीवरची टोपली घट्ट धरून बसली होती. चर्च दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "आज बोलाल ना, पपा?"

"बघतो."

"बघतो नको. आईने मागितलं तेव्हा नाही बोललात. आज चार लोकांत तरी बोला. मला ऐकायचंय, ती तुमची कोण होती ते."

ओडसने लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "हो," तो म्हणाला.

या चर्चमधले गाणारे श्रोत्यांकडे तोंड करून बसत नाहीत. श्रोते नसतातच, सगळेच गातात. चारही बाजूंना आत तोंड करून बाक, आणि मध्ये रिकामा चौकोन, जिथे गाणं चालवणारा उभा राहतो. पुस्तकातले सूर आकारांनी छापलेले असतात, कुठे त्रिकोण, कुठे गोल, कुठे चौकोन. आधी सगळ्यांनी नुसते सूर म्हणायचे, फा, सोल, ला, आणि ते एकदा पुरे झाले की मग शब्द. पणज्यांच्या काळापासून हेच. सूर म्हणजे उंबरठा, तिथेच कुणी मुक्काम करत नाही.

ओडस खर्जाच्या बाकावर, आणि बरोबर समोर, उंच सुरांच्या पहिल्या बाकावर मर्टिस, हे लग्नाआधीपासून ठरलेलं. वरच्या सुरावर चढायच्या आधी ती भुवया उंचावून त्याच्याकडे बघायची, आणि ओडस खालून तिला आधार द्यायचा. वर्षभर घरात राहून गेलेलं सगळं बोलणं त्या एका दिवसात होऊन जातं, असं त्याला वाटे. मर्टिसलाही तसंच वाटतं का, हे मात्र त्याने तिला कधी विचारलं नाही.

आज तिची जागा रिकामी ठेवली होती. आयनेल तिच्या मागच्या बाकावर बसली.

"ब्रदर टीग," पुढारीपण करणारे म्हातारे हॅस्केल म्हणाले, "या."

ओडस मध्ये जाऊन उभा राहिला. लोकांच्या हातांतले पुठ्ठ्याचे पंखे हलायचे थांबले.

"मर्टिस," तो म्हणाला.

पुढे काही आलं नाही. व्हर्बिना आपल्या बाकावरून ओठांनी 'देवभीरू, देवभीरू' असं दाखवत होती. ओडसला ते दिसलं. शब्द अगदी जिभेवर होता, पण तो उच्चारला असता तर मर्टिसच्या जागी दुसरीच कुणी बाई पुरली गेली असती, असं त्याला वाटलं.

"सावकाश, ब्रदर टीग," हॅस्केल म्हणाले. "घाई नाही."

ओडसने आयनेलकडे बघितलं. ती पुढे झुकून, हात जुळवून वाट बघत होती. त्याने गाण्याचं पान सांगितलं.

आयनेल मागे टेकली आणि खाली बघायला लागली.

हॅस्केलनी सूर दिला, ठेका देणारा ओडसचा हात खाली आला आणि चारी बाजूंनी फा, सोल, ला उसळले. ओडसने मात्र खर्ज धरला नाही. तो उंच सुरांच्या बाकाकडे वळला आणि मर्टिसची ओळ गायला लागला, खालच्या पट्टीत, फाटक्या आवाजात. ती त्याला अक्षर न अक्षर पाठ होती. आयुष्यभर तीच तर ऐकली होती.

सूर संपले. सगळ्यांनी शब्दांसाठी श्वास घेतला. ओडसचा हात वर गेला, खाली आला, आणि त्याच्या तोंडून पुन्हा सूरच आले. निम्मे लोक शब्द म्हणू लागले होते, ते अडखळले. "शब्द, ओडस, शब्द!" व्हर्बिना कुजबुजली. त्याचा हात थांबला नाही. मग हॅस्केलनीच शब्द सोडून सूर धरले, आणि मागोमाग सगळ्यांनी. ते संपले तेव्हा ओडसने तिसऱ्यांदा हात उचलला. त्याचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. आता बायका रडत रडत गात होत्या. आयनेल गात नव्हती.

शेवटी हात खाली आला आणि खालीच राहिला. मग हॅस्केलनी घसा साफ करून जेवणाची प्रार्थना म्हटली आणि माणसं पाय न वाजवता बाहेर गेली.

आयनेल तेवढी थांबली. "शब्द राहिलेच, पपा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"सुचलं होतं गं," ओडस म्हणाला. "तेव्हा. विहिरीवर. म्हणून धावत आलो होतो."

आयनेल एक पाऊल पुढे आली. "काय होतं?"

"आठवत नाही."

तिने तोंडावर हात दाबून धरला. मग बापाच्या कॉलरचं बटण सोडलं आणि म्हणाली, "चला, जेवून घ्या."

"तू हो पुढे. आलोच."

ती गेल्यावर ओडस चौकोन ओलांडून उंच सुरांच्या बाकाशी आला. तिथे तो कधीच बसला नव्हता. मर्टिसच्या जागी तो हळूच बसला, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि मान वर केली. समोर खर्जाच्या बाकावर त्याची जागा रिकामी होती.