लाव्यांचा खुराक

गेले दोन महिने मनुबाईच्या पायाला भिंगरी लागली होती. पिंजऱ्यापाशी जायचं, फोनपाशी यायचं, की पुन्हा पिंजरा. घरात तिसरं ठिकाणच उरलं नव्हतं म्हणा ना.

कारण एकच. सून समिधा तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी बेजार होऊन कल्याणला माहेरी गेली, ती परत यायचं नाव काढत नव्हती. कोलशेतचं हे घर कोळ्याचं, तीन पिढ्या मासळीवर पोसलेलं. समिधाचं माहेर मूळचं साताऱ्याकडचं. जाताना तिनं नाकाला ओढणी लावली होती आणि ती ओढणी मनुबाईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पोर उलट्यांना नव्हे, आपल्या घरालाच कंटाळून गेली, असं तिनं मनाशी धरलं. सातव्यात ओटी भरायला तरी येते की नाही, हा जिवाला घोर.

मग तिनं अंगणात वाळत घातलेला जवळा, ती बारीक कोळंबी, शेजारच्या मंजुळाकडे हलवला आणि मुलाला, यज्ञेशला, लाव्या आणायला लावल्या. बाजारात बटेर म्हणतात त्याच. गरोदर बाईला त्यांची अंडी चांगली, असं कुणीतरी सांगितलं होतं. वासाची तर तिनं इतकी धास्ती घेतलेली, की पिंजऱ्याखालचा घाणीचा पत्रा दिवसातून कितीदा धुवायची, त्याला सुमार नव्हता.

विकणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे यज्ञेशनं वीतभर उंचीचा जाळीचा पिंजरा केला. मनुबाईला ते बघवेना. मुक्या जिवांनी मान तरी कुठे वर करायची? तिनं नवऱ्याच्या, दामाजीच्या, मागे लागून छत हातभर उंच करून घेतलं. दुसऱ्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि सगळ्या लाव्या सरळ वर उडाल्या, तारेवर आपटल्या. एकीचं डोकं सोललं. लावी घाबरली की वरच उसळते, उंची जितकी जास्त तितका मार मोठा, हे कुणाला ठाऊक? करायला गेली गणपती आणि झाला मारुती. दामाजीनं छत पुन्हा खाली आणलं आणि डोकी सोलू नयेत म्हणून त्याखाली जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधला. मनुबाईचं तरी वेगळं काय होतं? फोन वाजला की तीही तशीच उसळायची.

पोत्यातला खुराक तिला कोरडा भुसा वाटे. म्हणून ती डब्यातला सुका जवळा कुटून त्यात मिसळायची. जवळ्यानं अंगात ताकद येते, हे का कोळणीला शिकवायचं? ठिपक्याठिपक्यांची अंडी डबाभर साठली की यज्ञेश ती कल्याणला पोचवायचा. विहीणबाई, हेमा, फोनवर म्हणायच्या, छान आहेत हो. मनुबाई तिकडच्या पाण्याची चौकशी करी, उकाड्याची करी. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय! मुद्द्याचं विचारायचा धीर तिला होत नव्हता.

एकदा तिनं समोरच्या टॉवरमधल्या दर्शनाला चार अंडी दिली. दर्शना मोकळ्या स्वभावाची. संध्याकाळी येऊन तिनं हसत सांगितलं, "मावशी, अंड्यांना सुकटीचा वास येतोय."

मनुबाईनं अंडं उकडलं, सोललं, नाकाशी धरलं. काहीच नाही. दामाजीनं हुंगलं. काहीच नाही. ज्या नाकाचा जन्म जवळ्यात गेला, त्याला काय विचारायचं? मग तिच्या ध्यानात आलं. ज्या वासानं पोर पळाली, तोच आपण महिनाभर डब्यात भरून तिच्या माहेरी धाडत होतो, आणि ती भली माणसं तोंडदेखलं छान म्हणत होती. लाजेनं तिला रडू आलं.

जवळा बंद झाला. काही दिवसांनी दर्शनाच्या नाकानं पसंती दिली, तशी मनुबाई स्वतःच डबा घेऊन कल्याणला गेली.

समिधाचा चेहरा भरला होता, पोट दिसू लागलं होतं. मनुबाई सोफ्याच्या कडेवर अवघडून बसली. हेमानं अंडी उकडून आणली. समिधानं एक सोललं, हुंगलं, अर्धं चावून पाहिलं आणि उरलेलं बशीत ठेवलं.

"आई, ही कुठनं विकत आणलीत?"

"विकत कशाला? आपल्याच लाव्यांची हायेत गो."

"मग आपला वास कुठे गेला?"

हेमाला हसू आवरेना. दारंखिडक्या सताड उघडून आपण ती आधीची अंडी उकडत होतो, तिनं कबूल केलं, आणि ही एकटी डबा फस्त करायची.

"उलट्या थांबल्या ना, तेव्हापासून मला तोच वास हवा असायचा," समिधा म्हणाली. "मी वाट बघत होते. पण तुम्ही एकदाही ये म्हणाला नाहीत. मला वाटलं, नाकाला ओढणी लावून गेले म्हणून रागावलात."

मनुबाईनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि दामाजीला फोन लावला.

"मंजुळाकडचा जवळा परत अंगनात आन," ती म्हणाली. "पोर घरी येते."