वीस बळवंत लांब

सातपाटीच्या खाडीत रेडिओवर चालणारी मनवार सोडणारी पहिली मुलगी मी. दुसरी अजून कोणी झालेली नाही, पण त्यामुळे माझा पहिला नंबर काही कमी होत नाही. मनवार म्हणजे लढाऊ जहाज. आमच्याकडे जुनी माणसं अजून हाच शब्द वापरतात. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा खाली बघून द्यायची. आता पालघरच्या एसटीत कंडक्टरशी वाद घालते. हे त्या मनवारीमुळे झालं, पण मी ती त्यासाठी बनवली नव्हती. मला माझा दादा घरी यायला हवा होता.

दादा म्हणजे बळवंत. पासष्ट सालच्या पावसाळ्यात, सतरा वर्षांचा असताना, तो मुंबईला जाऊन आरमारात भरती झाला. आमचे बाबा होड्या बांधतात, त्यांचे वडीलही बांधायचे, आणि दादा सात वर्षांचा असताना बाबांनी त्याच्या हातात लाकूड तासायचा वाकस दिला होता. म्हणून तो गेला तेव्हा बाबा एवढंच बोलले, "लाकूड सोडून लोखंडाकडं गेला." त्यानंतर दोन वर्षं त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही.

महिन्याला पत्र यायचं. मी आईला वाचून दाखवायला बसले की बाबा वाकस उचलून किनाऱ्यावर निघायचे, मग तिकडे काम असो नसो. पत्राच्या शेवटी दादा दर वेळी लिहायचा, 'बाबा बोलावतील तेव्हा येईन.' आणि बाबांचं म्हणणं, मी त्याला पाठवलाच नाही, तर बोलवू कशाला. दोघेही सारखेच ताठ. मधल्या मधे आई सुट्टीच्या दिवसांत दारात कोणी खोकलं तरी उठून बघायची.

आणखी एक गोष्ट होती. दर नारळी पुनवेला बाबा आम्हा दोघांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचे आणि डोक्याच्या वर पटाशीने खूण कोरायचे. डावीकडे दादा, उजवीकडे मी. दादा गेल्यावर त्याची खूण थांबली हे समजू शकते, पण माझीही थांबली. मी दोन वर्षांत केवढी वाढले, ते आमच्या चौकटीला माहीतच नाही.

यंदाच्या मे महिन्यात पत्रात एक फोटो आला. धक्क्यावरून काढलेला, अख्खी मनवार आडवी दिसणारा. कठड्याशी तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस, एक खांदा जरा खाली टाकून उभा. त्याच्यावर शाईने बाण काढून दादाने लिहिलं होतं, 'हा मी.' आणि पत्रात जे लिहिलं होतं ते वाचून मला रात्री झोप येईना. त्याची मनवार लाकडाची होती. समुद्रात पेरलेले सुरुंग लोखंड जवळ आलं की फुटतात, म्हणून ते काढायला जाणारी मनवार लाकडाची, खिळे-पट्ट्या पितळेच्या. ती फारशी लढत नाही. मागे लांब तार ओढत पुढे पुढे जाते आणि बाकीच्यांसाठी वाट मोकळी करते. 'आपण जाळं ओढतो तसंच,' दादाने लिहिलं होतं.

हे बाबांच्या कानावर घालायचं कसं? पत्र काढलं की ते उठणार.

मग चंद्रभान आठवला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, तिथे तो वायरलेस दुरुस्त करतो. राहतो बोईसरला, मूळचा कानपूरकडचा, आणि बोंबील कसे खायचे हे त्याला बोईसरच्या बाजारात मासे विकताना माझ्या आईने शिकवलं. तिथला एक अमेरिकन साहेब घरी परत जाताना मुलाच्या खेळातल्या विमानाची बिघडलेली रेडिओ-पेटी त्याला देऊन गेला होता. ती त्याने दुरुस्त केली होती, पण विमान नव्हतं. मी म्हटलं, जहाज असलं तर? चंद्रभान म्हणाला की पेटीला काय कळतंय, ती हवेत आहे की पाण्यात.

मी पांगाऱ्याचा ओंडका घेऊन ओट्यावर कोरायला बसले. मुद्दामच, बाबांच्या येण्याजाण्याच्या वाटेत. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"काय चाललंय ते?"

"दादाची मनवार."

"मनवार लोखंडाची असते. पत्रा घे."

"ही लाकडाची हाय."

ते हसले. म्हणाले, तुला कोणीतरी बनवलं. मी म्हटलं, दादाने लिहिलंय, सगळ्यांनी ऐकलं, तुमीच नाय ऐकलं. असं उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मी पत्र काढलं आणि थेट तेवढंच वाचलं. बाबा उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग म्हणाले, "लाकूड कुठलं?"

"ते नाय लिवलं."

"इचार त्याला."

मी त्याच संध्याकाळी पत्र लिहून विचारलं, पण बाबा उत्तरासाठी थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझा ओंडका चुलीत गेला होता आणि ओट्यावर सागाचे तुकडे आणि तांब्याच्या बारीक चुका पडल्या होत्या.

आमच्याकडे होडी बांधायला नकाशा नसतो. बाबा हात, वीत, बोट यांनी मोजतात आणि बाकी डोळ्यांनी. त्यांनी फोटो मागितला. उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मग झाडूची एक हीर तोडली, फोटोतल्या दादावर ठेवून नखाने त्याची उंची धरली आणि तेवढंच माप मनवारीच्या एका टोकापासून पुढे पुढे सरकवत नेलं. मी मनात मोजत होते.

"वीस बळवंत लांब," बाबा म्हणाले.

आई आत भाकरी थापत होती. तो आवाज थांबला.

बाबांनी दोरा घेतला, चौकटीवरच्या दादाच्या शेवटच्या खुणेपासून उंबऱ्यापर्यंत धरला, हाताने मोजला. खरी मनवार किती हात लांब असेल त्याचा हिशोब मी केला; एकाहत्तर हात आणि वर थोडं. आमच्या मनवारीत दादा दोन बोटं उंच करायचा ठरला, म्हणजे ती चाळीस बोटं लांब.

पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या असतात, बाबांना त्यांची डागडुजी करायची असते. त्यातून वेळ काढून त्यांनी तिला फासळ्या घातल्या, फळ्या चढवल्या, फटींमध्ये कापसाची वात राळेत बुडवून ठोकली, अगदी मोठ्या होडीसारखी. अधूनमधून विचारायचे, मनवारीचं तोंड किती उंच, मागे तार कुठे गुंडाळतात. म्हणजे मला जुनी पत्रं काढावी लागायची. एका तपशिलासाठी मी अख्खं पत्र वाचायची, अगदी 'बाबा बोलावतील तेव्हा' पर्यंत. तिथे आल्यावर ते रंधा जोरात मारायचे. शेवटी त्यांनी दोन बोटांचा दादा कोरला. तोंड काही करता आलं नाही, पण एक खांदा खाली होता.

पेटीचा एक भाग चंद्रभानने मनवारीत बसवला आणि पंखा फिरवायला बॅटरीवरची छोटी मोटार जोडली; दुसरा भाग हातात धरायचा. हातातल्या पेटीला एकच बटण. एकदा दाबलं की सुकाणू डावीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की उजवीकडे. म्हणजे मागच्या वेळी कुठे वळवलं होतं ते आपणच लक्षात ठेवायचं. सुकाणू फिरायचं पीळ दिलेल्या रबरावर. पीळ संपला की बटण दाबून उपयोग नाही.

ऑक्टोबरात, भरती भरून पाणी थोडा वेळ उभं राहतं तेवढ्यात, आम्ही ती खाडीत सोडली. मासे वाळवणाऱ्या बाया काम टाकून आल्या. एकीने विचारलं, शके, हिच्यात बसून सासरी जाणार काय. मी बटण दाबलं आणि मनवार वळली, आणि मी काय सांगू, सगळ्या पाण्याच्या कडेपर्यंत पुढे आल्या. मी तिचे दोन मोठे फेरे काढले. मग बाबांनी हात पुढे केला.

त्यांना सवय नव्हती. डावं-उजवं चुकत गेलं, ते दाबत राहिले, पीळ संपला. तेवढ्यात पाणी फिरलं. ओहोटी लागली आणि मनवार सरळ खाडीच्या तोंडाकडे निघाली, खांदा पाडलेला दादा पाठमोरा घेऊन. बाबा बटण दाबतच होते.

"परत बोलवायचं बटन कुठलं?"

चंद्रभान म्हणाला, "वापस का बटन नहीं है, बाबा. घुमाके ही लाना पड़ता है."

बाबांनी पेटी माझ्या हातात दिली आणि धोतरासकट पाण्यात शिरले. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा कुठे ती हाताला लागली. डोक्यावर धरून घेऊन आले. बाया हसल्या, ते हसले नाहीत.

हे सगळं मी दादाला लिहिलं आणि वर ऐट मारली, की तुझी मनवार आम्ही घरबसल्या मोजली, एवढे एवढे हात. दिवाळीनंतर उत्तर आलं. मी वाचायला बसले. वाकस कोपऱ्यात होता, बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

'लांबी कळवायला आम्हाला बंदी आहे,' दादाने लिहिलं होतं, 'पण शकू, तुमचं मोजमाप तोकडं आहे. चौकटीवरची खूण जुनी झाली. इथे आल्यापासून मी दोन बोटं वाढलोय.'

मी हिशोब केला. दोन बोटं, वीस वेळा, चाळीस बोटं. आमची अख्खी मनवार जेवढी, बरोबर तेवढीच खरी मनवार आमच्या मोजणीत कमी पडली होती. मला गंमत वाटली. मी सांगायला मान वर केली तर बाबा चौकटीपाशी होते. दादाच्या खुणेवर त्यांनी दोन बोटं आडवी ठेवली होती आणि काढत नव्हते.

"आणखी वाढला असंल," ते म्हणाले. "पत्र यायला पण दिवस लागतात."

मग मला हाक मारली. पुनव नव्हती, काही नव्हतं. उजव्या बाजूला पाठ लावून उभं केलं, पटाशी घेतली आणि माझी खूण कोरली. जुन्या खुणेपासून एक वीत वर. आई पदर तोंडाला लावून बघत होती.

"त्याला लिव," बाबा म्हणाले. "लिव की खूण करायची हाय. उभा राह्यल्याबिगर कशी करू?"

मी तेवढंच लिहिलं, त्यांच्या शब्दांत, आणि खाली काही जोडलं नाही. उत्तर आलंय. रजेचा अर्ज दिलाय, कधी मिळेल ते सांगता येत नाही. पटाशी बाबांनी धार लावून चौकटीच्या वर ठेवली आहे. कामाला दुसरी वापरतात.