मास्तरांचा उजवा पाय

जखमा धुणं हा माझा धंदा. ड्रेसिंगच्या खोलीत तेवीस वर्षं काढली. जखमेपुढे माझं डोकं थंड असतं, माणसांपुढे मात्र लगेच फिरतं.

टेलर मास्तरांच्या उजव्या पायावर दुकानातली जड इस्त्री पडली होती. हाडं मोडली, कातडी भाजली. ऑपरेशनने हाडं जुळली, पण वरची जखम काही भरेना. मधुमेह नव्हता, रक्त पायापर्यंत नीट पोचत होतं, तरी दर पंधरवड्याला पू. शेवटी सर्जन म्हणाले, "आणखी सहा आठवडे बघू. नाही भरली तर पाय कापावा लागेल." मास्तरांचं मशीन त्याच पायावर चालायचं. त्यांची बायको माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू पाय मीच कापणार होते.

दर सोमवारी मी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून पेनने तिची कड गिरवते आणि तारीख टाकते. त्या दिवशी मास्तरांची सगळी प्लास्टिकं एकावर एक ठेवून पाहिली. पहिले तीन आठवडे जखम झपाट्याने आकसत आली होती. चौथ्यापासून रेषा जागच्या जागी. चौथ्या आठवड्यात घडलं काय, म्हणून केसपेपर उघडला. मॉर्फिनचा डोस त्याच आठवड्यात दुप्पट झाला होता, तोही माझ्या सांगण्यावरून. ड्रेसिंगच्या वेळी मास्तर इतके ओरडायचे की मला ऐकवेना, म्हणून मीच सर्जनच्या मागे लागले होते. नंतर तो कमी करायचं कुणी नावच काढलं नाही.

प्लास्टिकं घेऊन मी सर्जन सरांच्या केबिनमध्ये गेले आणि आधी चूक कबूल केली. सरांनी प्लास्टिकं उजेडात धरून एकेक रेषा पाहिली.

"एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "पण हे औषध दुखणं दाबतं, तसं जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही सुस्त करू शकतं. जखमेत त्या वेळेवर पोचत नाहीत, पोचल्या तरी घाण उपसत नाहीत. हे मला सुचायला हवं होतं."

"मग बंद करा."

"एकदम बंद केलं तर त्यांचे हाल होतील. थोडं थोडं उतरवू, जोडीला दुसरी औषधं देऊ. तरी दुखणार. आणि ओरडणं तुम्हालाच ऐकायचंय."

मास्तरांना मी सगळं सांगितलं, डोस कुणामुळे वाढला तेसुद्धा. सांगताना मान वर होत नव्हती.

"म्हणजे गोळ्या वाढवल्यात तुम्ही, आणि काढून घेणारही तुम्हीच?"

"हो."

"बरं. पण मी शिव्या देईन."

"द्या."

दिल्या. माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. डोस उतरेल तसे त्यांना अंगावर काटा, घाम, जांभया, झोपेच्या नावाने शून्य. बायको त्यांचा हात धरून बसायची, ड्रेसिंग करताना मी दर दोन मिनिटांनी थांबायचे, त्यांनी दम घेतला की पुन्हा सुरू. जरा बरं वाटलं की ते माझ्या बँडेजला नावं ठेवायचे. "हे असं वाकडं गुंडाळलं असतं तर गिऱ्हाइकाने मला दुकानातून हाकललं असतं, सिस्टर." मी म्हणायचे, "मग शिवा तुम्हीच," आणि मनातून मला बरं वाटायचं.

दोन सोमवार रेषा हलली नाही. तिसऱ्या सोमवारी ती करंगळीच्या नखाएवढी आत सरकली. मी तीन वेळा गिरवून खात्री केली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. पुढच्या सोमवारी जखम अर्धी झाली, पू तर केव्हाच थांबला होता.

सहाव्या आठवड्यात सर आले. जखमेच्या जागी पातळ, गुलाबी कातडी होती. सरांनी ती चारी बाजूंनी तपासली, केसपेपर मागवला आणि पाय कापायचा शेरा आडवी रेघ मारून खोडला.  मास्तरांनी हळूच उजवा पाय जमिनीवर टेकवला, कॉटचा कठडा सोडला आणि दात आवळून पहिलं पाऊल टाकलं.

"दुखतंय का?" सरांनी विचारलं.

"दुखतंय की," मास्तर पुढचं पाऊल टाकत म्हणाले. "माझा पाय आहे, मलाच दुखणार."